राष्ट्राध्यक्षांचे नाव झाकून वाचणाऱ्या बाई

पहिल्या भेटीपासून सुरुवात करा, असे या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने सगळ्याच लेखकांना कळवले आहे, म्हणून मीही तिथूनच करते. प्रा. शशिकला मोहोळकर यांना मी प्रथम पाहिले ते लंडनच्या स्टॅनमोर उपनगरात, गणपतीच्या आरतीनंतर, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी तेव्हा लंडनला एम.ए. करत होते आणि खरे सांगायचे तर मोदकांसाठी गेले होते. व्याख्यानाचा विषय होता अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचे अधिकार. सणासुदीला हा कसला विषय, असे माझ्या मनात आले. पण त्या हॉलमधल्या बऱ्याच घरांतली मुले अमेरिकेत स्थायिक झालेली, आणि ज्या देशात आपल्याला मतच नाही तिथल्या पक्षांवरून इथली मंडळी एकमेकांशी बोलेनाशी झालेली. पहिल्या रांगेत दोन निवृत्त डॉक्टर बसले होते. एकमेकांचे व्याही. एकाचा पक्ष एक, दुसऱ्याचा दुसरा, आणि मधली खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली.

बाईंनी पडद्यावर एक अध्यक्षीय आदेश दाखवला. अमेरिकन संसदेला न विचारता, राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या सहीने काढलेला. नाव, पक्ष आणि तारीख यांवर मात्र काळी पट्टी. "हा अधिकार राष्ट्राध्यक्षांना असावा का, एवढंच सांगा," बाई म्हणाल्या.

पहिले डॉक्टर तावातावाने उठले. "अहो, ही सरळसरळ हुकूमशाही आहे!" साहजिकच दुसरे म्हणाले, "काही नाही, असाच खमक्या माणूस पाहिजे." बाईंनी पट्टी काढली. आदेश पहिल्या डॉक्टरांच्या लाडक्या राष्ट्राध्यक्षांचा होता. हॉलमध्ये एकच हशा पिकला. "हे चीटिंग झालं हो बाई!" डॉक्टर ओरडले. बाई हसल्या नाहीत. "मत बदलायचं तर खुशाल बदला, डॉक्टर. फक्त कारण सांगा." त्यांना सांगता येईना. मग बाई दुसऱ्यांकडे वळल्या. त्यांनाही येईना.

मी घरी जाताना त्यांना गाठले आणि तुमच्याकडे शिकायचे आहे, असे सांगून टाकले. "एडिनबराला ये," त्या म्हणाल्या, "पण असल्या पातळ कोटात येऊ नकोस." मुलाखत म्हणतात ती एवढीच झाली.

बाई चालवत असलेल्या एडिनबरातल्या अभ्यास केंद्रात पीएच.डी. करून मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले, तेव्हा कळले की पट्टी ही व्याख्यानापुरती करामत नव्हती. केंद्रातला प्रत्येक आदेश, प्रत्येक सरकारी कंत्राट आधी नाव झाकूनच वाचले जाई. मत आधी लिहायचे, पट्टी नंतर काढायची, आणि लिहिलेले मत खोडायचे नाही. त्यातून बाईंनी जे दाखवून दिले ते आज अनेकजण सांगतात, पण तेव्हा कुणालाच ऐकायचे नव्हते. विरोधात असलेला पक्ष राज्यघटनेच्या नावाने गळा काढतो. सत्तेवर आला की तोच वाढीव अधिकार मुकाट्याने स्वतःकडे ठेवतो आणि त्यात आणखी भर घालतो. मोठ्या कंपन्या दोघांनाही देणग्या देतात, म्हणजे निवडून कुणीही आले तरी दार उघडेच. बाई कंपन्यांना शिव्या घालत नसत. "त्यांचा फायदा कशात आहे ते बघा, आणि तो फायदा कुठल्या कायद्याने त्यांच्या हातात दिला ते शोधा," एवढेच त्यांचे म्हणणे असे.

त्यांच्या शिस्तीबद्दल पुष्कळ जण लिहितील. मी एक निराळी गोष्ट सांगते. माझ्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या आणि एका अहवालातले माझे प्रकरण त्याच आठवड्यात लिहून द्यायचे होते. बाई न विचारता घरी आल्या, मेतकूट-भात करून त्याला भरवला आणि दिवसभर त्याच्याशी पत्ते खेळत बसल्या. मला वाटले होते, आजारी पोराला जिंकू देतील. छे! उलट हरल्यावर त्या तोंड पाडून बसल्या आणि पुन्हा पत्ते पिसायला लागल्या.

आता ज्याविषयी या ग्रंथात कुणी फारसे लिहिणार नाही, त्याविषयी. आमचे केंद्र आज अस्तित्वात नाही, आणि ते बाईंमुळे बंद पडले असे मानणारे काही जण याच ग्रंथाच्या मागच्यापुढच्या पानांवर आहेत. केंद्राला एका अमेरिकन तंत्रज्ञान कंपनीचे अनुदान होते. बाईंचा अहवाल होता नव्या अध्यक्षीय आदेशावर. त्या आदेशाने सरकारी कंत्राटे निविदा न मागवता देण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे गेला होता. अशा कंत्राटांतून कोणाचे भले झाले, याचे एक स्वतंत्र प्रकरण त्यात होते, आणि त्यात आमच्या अनुदानदात्यांचेही नाव होते.

कंपनीने बोलायला रोहनला पाठवले. रोहन आमचाच जुना विद्यार्थी. स्टॅनमोरमध्ये जन्मलेला, मराठी बोलताना लिंगांची गल्लत करणारा, कंपनीच्या इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात सरकारी संबंध सांभाळणारा. गुणी मुलगा, बाईंवर जीव असलेला. बाईंनी चहा टाकला. मी तिथेच होते.

"बाई, रिपोर्ट एकदम ब्रिलियंट आहे," तो म्हणाला. "फक्त तो कंपन्यांचा चॅप्टर, तेवढी काढून टाका ना. नाहीतर हेड ऑफिस फंडिंग रिन्यू नाही करणार. आणि ऑनेस्टली, आता तर तुमच्याच साइडचा प्रेसिडेंट आहे."

ते खरे होते. बाईंचा कल कुणीकडे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होते.

"मागच्या राष्ट्राध्यक्षांनी असाच आदेश काढला, तेव्हा मी हेच लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "तेव्हा तुझ्या कंपनीने माझा लेख जगभर वाटला. का रे?"

"तेव्हा आमचा कॉन्ट्रॅक्ट गेली होती," रोहन प्रामाणिकपणे म्हणाला.

"आणि आता?"

"आता... मिळालीय."

"मग मी दुसरं काय लिहिलंय? चहा घे, गार होतोय."

रोहन गेला आणि बाई माझ्याकडे वळल्या. माझा व्हिसा त्या नोकरीवर होता. मुलगा शाळेत नुकता कुठे रुळला होता. "मंजिरी, प्रकरण राहणार आहे," त्या म्हणाल्या. "केंद्र बहुतेक जाईल. अहवालावर तुझं नाव घालायचं की नाही, ते तू ठरव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, तुम्हाला पेन्शन आहे. आम्ही काय करायचं?"

"माहीत आहे. म्हणून तुला सगळ्यांच्या आधी सांगतेय."

"सांगताय. विचारत नाही आहात."

"नाही," त्या म्हणाल्या. "विचारत नाहीये."

नाव मी घातले, कारण काम माझेही होते. राग मात्र गेला नाही. अहवाल प्रकरणासकट निघाला, अनुदान थांबले, केंद्राला कुलूप लागले. ज्या पक्षाकडे बाईंचा कल, त्या पक्षाच्या इथल्या मित्रमंडळींनी त्यांना बोलावणे बंद केले. दुसऱ्या बाजूने मात्र लगेच सत्काराचे निमंत्रण आले. तिथे बाईंनी मागच्या राष्ट्राध्यक्षांवरचा जुना लेख वाचून दाखवला. तिकडूनही पुन्हा बोलावणे आले नाही.

त्या काळात बाई आमच्यासाठी दिवसभर फोनला चिकटलेल्या असत. ज्यांच्याशी त्यांचे वर्षानुवर्षे पटले नव्हते, अशा प्राध्यापकांकडेही त्यांनी शब्द टाकला. मला इंग्लंडमधल्या एका कॉलेजात जागा मिळाली आणि व्हिसा वाचला. एका सहकाऱ्याला मिळाली नाही. तो बायकोमुलांसह मायदेशी परतला. बाई त्यांना विमानतळावर सोडायला गेल्या होत्या.

हा लेख लिहिण्याआधी मी एडिनबराला जाऊन आले. बाईंचे गुडघे दुखतात, आवाज तसाच खणखणीत आहे. मी सरळच विचारले, "बाई, तशी वेळ परत आली तर?"

"प्रकरण तेच लिहीन," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या सगळ्यांच्या पोटावर पाय देऊन लिहायचा हक्क मला कुणी दिला होता? राष्ट्राध्यक्षांना हाच प्रश्न विचारण्यात माझा जन्म गेला, आणि स्वतःसाठी मला उत्तर सापडत नाही."

मला त्यांना धीर द्यायचा होता. पण खोटे बोलले असते तर त्यांनी ताबडतोब पकडले असते. "मलाही सापडत नाही, बाई," मी म्हटले. आणि मग आम्ही दोघी त्यावरून चांगल्या कडाकडा भांडलो, अगदी माझ्या गाडीची वेळ होईपर्यंत.

बाई, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा आज सगळेच देतील. मला तुम्ही शंभरीपर्यंत धडधाकट हव्या आहात. आपले भांडण अर्ध्यावर राहिले आहे आणि ते दुसऱ्या कुणाशीही भांडण्यात मला अर्थ वाटत नाही.