बरणीला एकच हात

माझा हात चांगला आहे, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात कळलं. कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

साल नव्याण्णव. मे महिना लागला की मुंबईहून दीर, जावा आणि त्यांची मिळून सात मुलं मिठबावला आमच्या घरी उतरायची. चाकरमान्यांची मुलं ती, विहिरीच्या पाण्याने त्यांची तहान भागायची नाही. जेवणं झाली की ‘काकी, थंडा’ असा धोशा सुरू व्हायचा, आणि तिठ्यावरच्या दुकानातून मोठाल्या बाटल्या यायच्या. सासूबाई त्या बाटल्यांकडे अशा बघायच्या की बाटल्यांनीच शरमावं.

“गोड पाण्याक पैशे,” त्या म्हणायच्या. “घोट घेतलो, ढेकर इलो, पैशे गेले.”

घरामागे रतांब्यांची, म्हणजे कोकमाची, चार झाडं होती आणि चारही फळांनी लाल झाली होती. मी नवी नवरी, मला चांगली सून व्हायची घाई झालेली. न विचारताच म्हणाले, “आई, मी करू कोकमाचा सरबत? आमच्या रेडीक माझी आवस दर वर्सा बरणी भरता.”

“कर बापडे,” सासूबाई म्हणाल्या. “माझो हात वायट. माझी बरणी नासता.”

मी करून दाखवलं. रतांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालीच्या लाल वाट्यांत साखर दाबून भरायची, त्या बरणीत रचायच्या आणि तोंडाला फडकं बांधून बरणी खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, बुटक्या दगडी गडग्यावर उन्हात ठेवायची. रोज कोरड्या लाकडी डावाने एकदा ढवळायची. आठ-दहा दिवसांत साखर विरघळून गडद लाल पाक होतो. तो गाळला, मीठ-जिरं घातलं, की वर्षभराची सोय. थंड पाण्यात दोन चमचे टाकायचे, संपलं.

मुलांनी ग्लासावर ग्लास रिचवले. थोरल्या दिरांनी मिशी पुसत सगळ्यांसमोर सांगितलं, “हिचो हात बरो आसा हां!” मी लाजले. हरभऱ्याच्या झाडावर चढले ती अशी.

तिठ्यावरच्या बाटल्या बंद झाल्या. सासूबाईंचा सुंठीवाचून खोकला गेला. रिकाम्या बाटल्या मात्र त्यांनी धुऊन माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. जूनच्या तोंडावर त्यांत माझंच सरबत भरून मुंबईकरांच्या सामानात गेलं. पुढच्या वर्षी जावा येताना आणखी रिकाम्या बाटल्या घेऊन आल्या. शेजाऱ्यांसाठीही हवं होतं म्हणे.

आता आमच्याकडचा नियम सांगायला हवा, कारण मी अडकले ती त्या नियमात. बरणीला हात एकच लागतो. जिने भरली तिनेच ढवळायची, तिनेच उचलायची, तिनेच गाळायची. मधे हात बदलला की बरणी नासते, असं सगळे मानतात. विटाळाचा प्रश्न वेगळाच. माझी तारीख विचारून सासूबाई रतांबे फोडायचा दिवस ठरवायच्या, आणि चाकरमान्यांनी भरलेल्या ओटीवर ती चर्चा बिनदिक्कत व्हायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आठ बरण्या झाल्या, मग बारा. आंबा काढणं आणि पेट्या भरणं यांत घरातले पुरुष बुडालेले. जावा म्हणजे मे महिन्यातल्या पाहुण्या. आभाळ जरा काळवंडलं की मी धावत खळ्यात. एकेक बरणी उचलून पडवीत आणायची, ऊन पडलं की परत गडग्यावर. बरण्यांखालच्या परातींत मुंग्यांसाठी पाणी भरायचं, कावळे हाकायचे. माझ्या सख्ख्या मामेबहिणीचं लग्न मालवणात होतं, दोन तासांच्या अंतरावर. मी गेले नाही. बरण्या उन्हात होत्या.

बोटं मात्र रंगायची. नखांच्या कडांत लाल-काळा रंग बसायचा तो पावसात लावणी करताना चिखलातच सुटायचा.

रेडीला माझी आवस, म्हणजे आई, एकटी होती. बाबा मी शाळेत असतानाच गेले, आणि भावंडं मला नाहीत. सासुरवाशिणीला माहेरपण मे महिन्यातच. जूनला शेती, मग गणपती, मग मुलांची शाळा. दिवाळीत दोन दिवस जायचे, तेही नवऱ्याबरोबर, घड्याळाकडे बघत. आई शेजारच्या फोनवरून एप्रिलात विचारायची, “मे म्हयन्यात येतलंस मा?”

“बघतंय,” मी म्हणायचे.

तिला ‘बघतंय’चा अर्थ माहीत होता. तरी ती दर वर्षी विचारायची. नवऱ्याकडे विषय काढला तर तो म्हणायचा, “एक म्हयनो तर आसा.” त्याच एका महिन्याबद्दल मी बोलत होते. मला राग यायचा, पण कोणावर काढणार? कोणी मला बांधून ठेवलं नव्हतं. सगळे कौतुकच करत होते. कौतुकाचं कुंपण फार वाईट, त्यावरून उडी मारली तर आपणच कृतघ्न ठरतो.

दहाव्या वर्षी, मार्चमध्ये, आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मी दोन दिवस जाऊन आले. प्लास्टर निघालं तेव्हा हात वाकडाच बसला होता. एप्रिलात तिचा फोन आला. मुलांची चौकशी केली, आंबा कसा आहे विचारलं, आणि फोन ठेवला. मे महिन्याचं तिने विचारलंच नाही.

ते न विचारणं मला सोसलं नाही. दिवसभर मी कामं करत होते आणि रडत होते.

त्या मे महिन्यात एका दुपारी सगळे वामकुक्षीला पडले असताना मी खळ्यात गेले. डाव पाण्याच्या बादलीत बुडवला आणि थेंब गळत असताना पहिल्या बरणीत फिरवला. मग दुसऱ्या. अशा बाराही. कोकमाच्या बरणीत पाण्याचा थेंब जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे पोरीटोरींनाही कळतं. माझा हात एकदा वाईट ठरला की मी सुटले, इतका साधा हिशोब होता.

तिसऱ्या दिवशी फडकी फुगली. बरण्या फसफसून वाहू लागल्या आणि खळ्यात माडीचा आंबूस वास पसरला. मुलं नाक धरून हसत होती. सासूबाईंनी त्यांना समुद्रावर पिटाळलं, एका बरणीचं फडकं सोडलं, वास घेतला. मग डाव उचलला आणि त्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवला.

“ओलो डाव घातलंस,” त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

मी पदराला हात पुसले.

त्या गडग्याला टेकून बसल्या. ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. पण त्यांचा आवाज खाली गेला. “मी पण घातलेलंय. लग्नानंतरच्या पयल्याच वर्साक. सासू म्हणाली, हिचो हात वायट. मगे दर मे म्हयन्याक पंधरा दिवस म्हायाराक जाय होतंय.”

दहा वर्षं ही बाई ‘माझो हात वायट’ म्हणत पानाला चुना लावत बसली होती.

“हात वायट आसाक होयो तर तो पयल्याच वर्साक,” त्या म्हणाल्या. “धा वर्सां बरो आसलेलो हात आता वायट झालो, ह्या कोण मानतलो गो?”

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की मांजर बरण्यांवरून धावलं, फडकी सुटली आणि परातींतलं पाणी आत उडालं. सगळ्यांनी मांजराला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी झाडावरचे उरलेले रतांबे उतरवले. सासूबाई माझ्या शेजारी बसून रतांबे फोडायला लागल्या. सरासर, एकाही बीला नख न लावता. माझ्या आईपेक्षाही सफाईदार हात होता तो. मी बरण्या भरल्या आणि त्या मे महिन्यातही मिठबावलाच राहिले.

त्या वर्षी दिवाळीनंतर गावातच राहणाऱ्या धाकट्या दिराचं लग्न झालं. पुढच्या मे महिन्यात नवी जाऊ परसात उभी राहून रतांब्यांकडे बघत होती. तिच्या हातातला चुडा अजून नवा होता. “वैनी,” ती म्हणाली, “एक बरणी मी भरू? माका येता.”

सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता वर पाहिलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. एक वाक्य पुरलं असतं. ‘डाव ओलो कर गो बाय, नायतर आयुष्यभर हंय उभी रवशीत.’ ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, हे मी खोटं सांगत नाही.

“भर,” मी म्हटलं.

आठ दिवसांनी तिच्या बरणीतलं सरबत सगळ्यांना वाटलं. मी एक घोट घेतला आणि ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माझ्यापरास हिचो हात बरो!” ती लाजली. अगदी माझ्यासारखीच लाजली. सासूबाई ग्लास खाली ठेवत म्हणाल्या, “व्हय. बरो आसा.”

उरलेल्या अकरा बरण्या तिने भरायला घेतल्या, आणि मी मुलांना घेऊन सकाळच्या एसटीने रेडीला गेले.

आई दारातच होती. आधी तिने मुलांना कुरवाळलं, मग माझे हात हातात घेतले. माझी नखं त्या वर्षी स्वच्छ होती. तिचं लक्ष गेलं. आत जाऊन तिने दुकानातल्या थंड्याची बाटली आणली आणि डाव्या हाताने, सांडत सांडत, ग्लास भरले. उजव्या हाताने तिला आता रतांबा फोडता येत नव्हता.

“घे,” ती म्हणाली. “तू येतलंस म्हणान इकत हाडलंय.”

माझ्याच माहेरी मला पाहुणीसारखा विकतचा थंडा. मी तो सगळा प्यायले. ढेकर आला.

“थंय बरण्यो कोण बघता?” आईने विचारलं.

“नवी जाव आसा. तिचो हात बरो आसा.”

“तिका आवस आसा?”

“आसा,” मी म्हटलं.

आईने बाटलीचं झाकण काढलं आणि माझा ग्लास पुन्हा भरला.