संगीताच्याच पाळीत वीज का जायची?

“मॅडम, माझ्याच पाळीत वीज जाते. मेमो दिलाय मला,” एवढं बोलून संगीता फोनवर रडायला लागली. शनिवारी सकाळी सहाला मी नांदेडच्या बसस्टँडवर उभी होते.

संगीता माझी जुनी विद्यार्थिनी, आता औशाजवळच्या एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर. अशा उपकेंद्रांतले रिले, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारी यंत्रं, तपासणं हे माझं पूर्वीचं काम.

लोहा, अहमदपूर, लातूर असा रस्ता. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा मैत्रिणींनो, निघाच. लातूरला उतरून निलंगा राइस खाल्ला. झणझणीत! पाणी आधीच घेऊन ठेवा. तिथून औसा. तिथला किल्ला सखल जागेत आहे, अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. तासभर तटावरून हिंडले आणि रिक्षानं उपकेंद्र गाठलं.

तिथले जुने ऑपरेटर शिंदेकाका म्हणाले, “मशीन नवी हाय. पोरीच्या हातानं कायतरी दाबलं जातंय, दुसरं काय?”

संगीता खाली मान घालून उभी.

एसी बंद पडल्यामुळे रिलेच्या पॅनेलचं दार उघडंच ठेवलेलं होतं. “वीज गेली तेव्हा तू काय करत होतीस?” मी विचारलं.

“लाइनमनशी वॉकीटॉकीवर बोलत होते. इथंच उभं राहून. काका बाहेर ओट्यावर जाऊन बोलतात.”

उपकेंद्राच्या साहेबांची परवानगी काढली, रिलेचा वीज तोडायचा हुकूम पुढे नेणारी ट्रिपची तार सोडवली, म्हणजे गावाची वीज जायला नको. मग वॉकीटॉकी काकांच्याच हातात दिला. “इथं उभं राहून बोला.”

त्यांनी बटण दाबलं. रिलेवर लाल दिवा! पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. दार लावून दाबलं तर काहीच नाही. वॉकीटॉकीच्या लहरी उघड्या दारातून आत शिरत होत्या आणि रिलेला तो बिघाड वाटत होता.

काकांनी वॉकीटॉकी खाली ठेवला. मग म्हणाले, “लई चुकलं माझं, पोरी. साहेबाला मीच सांगतो.”

“सांगा. पण रिपोर्ट मी लिहिणार,” संगीता म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

आठवड्यानं मेमो मागे घेतल्याचा तिचा निरोप आला. छान वाटलं, पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्या दिवशी रस्ताभर मीही हेच धरून चालले होते, की पोरीनं घाबरून काहीतरी दाबलं असेल. हे तिला अजून सांगितलेलं नाही. आज इथं लिहिलंय, ती वाचेलच.