वाटी आणि काठी

फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींनी तेहतीस वर्षं लोकांच्या घरात गुडघे टेकले आणि शेवटी गुडघ्यांनीच त्यांच्यापुढे हात टेकले. उजवा तर असा अडून बसला की जिना दिसला तरी मिस्त्रींचा चेहरा पडायचा.

"वाटी बदलायची म्हणतात," त्यांनी घरी जाहीर केलं.

"घरात वाट्या कमी आहेत का?" बायको म्हणाली. पण हाताला धरून दवाखान्यात तीच घेऊन गेली.

तिथे मिस्त्रींनी आधी विचारून टाकलं, वाटी स्टीलची घालणार की पितळेची? डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. "वाटी बहुतेक तुमचीच राहील. हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूचं आवरण बसवतो, मधे प्लास्टिक. उजव्यातली गादी पार संपलीय. गोळ्या, व्यायाम, इंजेक्शनं, सगळं करून झालं, आता ऑपरेशनच. डाव्याला मात्र इतक्यात हात लावायचा नाही. वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, लागलं तर पट्टा बांधा."

"एकदमच दोन्ही उरका की."

"एक फरशी फुटली म्हणून अख्खी खोली उखडता का?"

 मग मिस्त्रींनी खरं विचारायचं ते विचारलं. "गुडघ्यावर बसून काम जमेल?"

"चालाल, जिना चढाल. दिवसभर गुडघ्यावर काम, ते मात्र धरून चालू नका."

घरी येईपर्यंत मिस्त्रींना एकच घोर लागला होता. फरशी सोडून त्यांना दुसरं येत काय होतं?

ऑपरेशन छान झालं. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना उभं केलं आणि काही आठवड्यांनी हातात काठी दिली. मिस्त्रींना तिची भारी लाज वाटायची. एका सकाळी व्यायामाच्या खोलीत चकरा मारताना खिडकीपाशी पावलाखाली काहीतरी वेगळं लागलं. ते भिंतीला टेकले, काठी उलटी केली आणि लाकडी मुठीने फरशीवर ठोकलं. ढब्ब. शेजारच्या फरशीवर ठोकलं. टक्क.

"बाई, ही पोकळ आहे. खाली सिमेंटचा माल भरलेला नाही. कुणी पडायच्या आत काढून घ्या."

"आधी काठी सरळ धरा," बाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "उभ्याने कसं कळलं?"

मिस्त्रींनाही तो प्रश्न तेव्हाच पडला. आजवर हा आवाज ते ओणवे होऊन, कान खाली नेऊन ऐकत आले होते.

पुढच्या आठवड्यात फरशीचंच काम करणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाने ती फरशी उचलली. खाली मूठ जाईल एवढी पोकळी निघाली. आता भाऊ गुडघ्यांना जाड गाद्या बांधून फरशी बसवतो, हा मिस्त्रींचा हुकूमच आहे, आणि मिस्त्री उभ्याने ठोकत खोली तपासतात. डावा गुडघा कुरकुरतो, पण व्यायाम एक दिवस चुकत नाही. डॉक्टरीणबाईंचं किंवा व्यायामाच्या बाईंचं नाव निघालं की ते हात जोडतात, आणि कुणासमोर लाजत नाहीत.

वर्षाने तपासणीला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काठी सोडलीत तरी चालेल आता."

मिस्त्रींनी काठी आणखी घट्ट धरली. "चालायला कुठे लागते, बाई? कामाला लागते."