दरडीवरची निर्गुडी

साळूबाई निर्गुडीचा पाला खुडायला लागली की बघत राहावं. शेंडा मोडायचा नाही, खालची जून पानं घ्यायची नाहीत, मधली कोवळी तेवढी ओच्यात टाकायची. महाडच्या कारखान्याचा टेम्पो दर गुरुवारी वाडीवर येतो. कारखान्यात पाल्याचा अर्क काढतात आणि तो शहरातल्या बायकांच्या तोंडाला लावायच्या क्रीममध्ये घालतात. म्हातारपण लांबतं म्हणे त्याने. टेम्पोबरोबर येणाऱ्या हर्षदने एकदा ती इवलीशी डबी दाखवली, तेव्हा वाडीतल्या बायका साळूबाईला म्हणाल्या, तुला डबी पुरायची नाही, पिंप लागेल. साळूबाईही हसली.

निर्गुडीची तिची ओळख मात्र क्रीमच्या आधीची. वाडीत कुणी बाळंत झाली, की पाला उकळून त्या पाण्याने तिला न्हाऊ घालायचं काम साळूबाईचं. एकुलती एक लेक आवडी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तर तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आठ दिवस न्हाऊ घातलं आणि पाला संपला. जुलै महिना, पाऊस नुसता कोसळत होता. दुपारी जराशी उघडीप मिळाली, म्हणून ती ओढ्यापलीकडे पाल्याला गेली. मागे आवाज झाला. वळून बघते तर डोंगर खाली आलेला. घर नाही, लेक नाही, नातू नाही. ओच्यातला पाला तेवढा शाबूत.

काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं लोक तिला सांगतात. लोकांचं काय जातंय सांगायला! आवडी आणि बाळ सापडलेच नाहीत. शोध थांबला, उरलेली माणसं खालच्या माळावर पत्र्याच्या घरांत राहायला गेली. त्या दरडीवर तेव्हापासून कुणी गुरं नेत नाही, गवत कापत नाही.

चार वर्षांत बाकीचा डोंगर बोडका झाला. कारखान्याला पाला जास्त हवा आणि बायकांना दुसरं काम नाही, मग फांद्यांसकट तोडणं आलंच. निर्गुडी राहिली ती फक्त दरडीवर, नव्या मातीत तरारलेली. हर्षदला ती खालूनच दिसली. पोरगा वाईट नव्हे, त्याला काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, तिथला पाला मिळाला नाही, तर पुढच्या गुरुवारपासून टेम्पो पोलादपूरकडे जाईल. बायका एकमेकींकडे न बघता साळूबाईकडे बघायला लागल्या. शेजारच्या काशीबाईने तर सांगून टाकलं, की तू नाही म्हणालीस तर आम्ही उपाशी राहू, पण तिथे पाय ठेवणार नाही.

साळूबाई दोन दिवस ओढ्यापर्यंत जाऊन परत आली. मग म्हणाली, "मीच काडते. माज्या लेकीच्या अंगावरचा पाला हाय, दुसऱ्याचा हात नको."

बुधवारी ती एकटीच वर गेली. एकही शेंडा न मोडता तिने तीन पोती भरली. दुसऱ्या दिवशी हर्षद खूश झाला. मावशी, पुढच्या खेपेला तुमच्यासाठी एक डबी आणतो, सुरकुत्या जातील, म्हणाला.

"नको रे पोरा. सुरकुती पडाया वय व्हावं लागतं. माजी आवडी बावीस वर्सांचीच रायली."

साळूबाईची नजर दरडीवर गेली तशी हर्षदनेही तिकडे बघितलं आणि बाकीची पोती टेम्पोत चढवली.

टेम्पो गेल्यावर साळूबाईने बाजूला ठेवलेला ओचाभर पाला पातेल्यात घातला, चुलीवर पाणी उकळलं आणि पातेलं डोक्यावर घेऊन दरड चढली. घर जिथे होतं असं तिला वाटतं, तिथे ती बसली. पाणी फार कढत तर नाही ना, हे बोट बुडवून बघितलं आणि हळूहळू मातीवर ओतलं.

ती रोज जायला लागली. अखेर काशीबाईने विचारलं, हे किती दिवस चालायचं?

"सव्वा महिना न्हाऊ घालायचं असतंय गो. तवा आठच दिस झाले होते."

तिसऱ्या गुरुवारी दरडीवरचा पाला संपला. सव्वा महिना व्हायला अजून बरेच दिवस होते.