साठ मासे आणि जाळ्याचा वाटा

देशकर सरांनी तीन उत्तरपत्रिका टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमचीच मुलं ना?"

"हो सर."

"तिघं तीन वेगळ्या खोल्यांत. चूक मात्र एकच. शाबास."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला गणित स्पर्धेचे पेपर तपासणं चालू होतं. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन फार काळ झाला नव्हता, त्यामुळे दोन्हीकडची मुलं याच केंद्रावर यायची. देशकर सर मुख्य परीक्षक, नागपूरचे. मी सिंदेवाहीजवळ एका तलावाकाठच्या गावात सातवीला गणित शिकवायचो.

स्पर्धेची रीत अशी. पेपर सकाळी, तपासणी दुपारी आणि निकाल परतीच्या एस्टीच्या आधी. वर आलेली मोजकी मुलं पुढच्या फेरीला नागपूरला. एका शाळेची मुलं एका खोलीत बसवायची नाहीत आणि आपल्या तालुक्याचा गठ्ठा आपण तपासायचा नाही. कॉपी ओळखायची युक्ती मात्र कुठेच लिहिलेली नसते, ती परीक्षक एकमेकांकडून शिकतात. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं आलं तर कुणी दचकत नाही. चूक मात्र ज्याची त्याची असते. तीच चूक तिघांच्या पेपरात दिसली की परीक्षकाचे कान टवकारतात.

प्रश्न असा होता: चार कोळ्यांनी मिळून तलावात जाळे टाकले. साठ मासे मिळाले. त्यांनी सारखी वाटणी केली. प्रत्येकाने आपल्या वाट्यातले एक तृतीयांश मासे घराशेजारच्यांना दिले. प्रत्येकाकडे किती उरले?

साठ भागिले चार, पंधरा. पाच दिले, दहा उरले. माझ्या तिन्ही पोरांनी साठला पाचने भागलं होतं. बारा. त्यातले चार दिले, आठ उरले. अपूर्णांक आला असता तर पोरं थबकली असती, कारण अर्धा मासा दिसला की मुलं मागे वळून पाहतात. इथे चुकीचा रस्तासुद्धा डांबरी निघाला.

"पाचवा कोळी कुठून आला?" देशकर सरांनी विचारलं.

मला काय माहीत? मी भद्रावतीला कारखान्याच्या कॉलनीत वाढलो. आमच्याकडे मासे पिशवीतून यायचे, तेही तोलून.

कॉपी ठरली तर तिघं बाद होणार होती. त्यांत कुंदा होती. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढे सिंदेवाहीला मावशीकडे राहायचं, तर बापाने अट घातली होती: नागपूरच्या फेरीत नाव आलं तरच आठवी. तो बाप, लहानूभाऊ, मुद्दाम आमच्याबरोबर एस्टीने आला होता आणि बाहेर चिंचेखाली शिदोरी सोडून बसला होता.

तिघांना आत बोलावलं. मोरेश्वर दारातच घामाघूम झाला आणि शेवटपर्यंत फक्त मान हलवत राहिला. सिद्धार्थ आणि कुंदा सरळ टेबलापाशी गेले.

"कोणाचं पाहून लिहिलं?"

"कोणाचंच नाई जी," कुंदा म्हणाली.

"कोळी किती?"

"चार."

"मग पाचने का भागलं?"

"आन जाळ्याचा वाटा?"

देशकर सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

पाहुण्याला रस्ता सांगावा तसं कुंदाने सांगितलं. मासे काठावर आणले की माणसामागे एक वाटा पडतो आणि एक वाटा जाळ्याचा. ज्याचं जाळं त्याला तो. जाळं फाटतं, ते कोण शिवणार?

"पण हे प्रश्नात लिहिलेलं नाही."

"ते कोण लिहिते जी? सब्बाईले माहीत हाये."

सर सिद्धार्थकडे वळले. "तुझे वडीलपण मासे धरतात?"

"नाई जी, आमची शेती हाये. पण मासे आणाले तलावावरच जातो आमी. वाटे पडल्याबिगर कोणी देतच नाई."

सर अजून पाघळले नव्हते. पोरं पढवून आणता येतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "हिच्या वडलांना बोलवा. वाटेत एक शब्द बोलायचा नाही."

मी बोललो नाही. चेहऱ्याने मात्र होतं नव्हतं ते सगळं नाटक केलं, भुवया उडवल्या, डोळे फिरवले. लहानूभाऊंनी विचारलं, "दात दुखून राह्यला काय सर?"

देशकर सरांनी प्रश्न वाचून दाखवला. लहानूभाऊंनी सावकाश ऐकला आणि म्हणाले, "सहानं भागा."

देशकर सरांनी पेन उचललं.

"सहा?"

"चार माणसं, एक जाळ्याचा, एक डोंग्याचा. डोंगा का फुकट फिरते पाण्यात?"

"बाबा," कुंदा म्हणाली, "डोंगा कुठी हाये? नुसतं जाळं लिहून हाये."

"मंग जाळं का काठावरून टाकलं?"

"टाकलं असन."

"काठावरून साठ मासे? कोणता तलाव हाये तो? मलेबी दाखव."

"पेपरात जेवढं लिहून हाये तेवढंच धराचं, बाबा."

"मंग वाटा कुठी लिहून हाये जाळ्याचा?"

"जाळं तं लिहून हाये न! जाळं आलं का वाटा आला."

बापलेकीची जुंपली. परीक्षक, केंद्र, नागपूर, सगळं दोघं विसरली होती. देशकर सरांनी पेनाला टोपण लावलं.

"कॉपी करणारे आधी एकमत करून येतात," ते म्हणाले. "जा तुम्ही."

प्रश्नाची दोन उत्तरं निघू शकली की तो सगळ्यांसाठी रद्द करतात, म्हणजे त्याचे गुण कुणालाच मिळत नाहीत. सरांनी तो रद्द केला. ज्यांच्या मुलांचं दहा बरोबर आलं होतं ते शहरातले मास्तर माझ्याशी चहासुद्धा प्यायले नाहीत. नागपूरच्या यादीत कुंदाचं नाव आलं, अगदी तळाला. मोरेश्वर आणि सिद्धार्थ राहिले.

एस्टीत मी लहानूभाऊंना विचारलं, "आता आठवीत टाकता ना?"

"टाकतो जी. बोललो तं टाकतोच." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पण डोंग्याचा वाटा खाल्ला पोरीनं."

पुढे मीही पेपर काढणाऱ्यांत गेलो. धडा घेतला होता: वाटणीच्या प्रश्नात मासे घ्यायचे नाहीत. मी पेढे घेऊ लागलो. पेढ्यांना ना जाळं लागतं ना डोंगा.

कुंदा आता स्वतः गणित शिकवते. मागे मी तिला एक पेपर नजरेखालून घालायला दिला. तिने पेढ्यांपाशी बोट ठेवलं.

"सर, तुमच्या घरी पेढे आणले का पहिला देवापुढे ठेवता न?"

"ठेवतो."

"मंग तो धरला काय यात?"

त्या प्रश्नात आता पेन्सिली आहेत.