राजधानी नव्हे, हेग

वाचनालयाच्या फळ्यावर माझ्या यजमानांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘हेग : एका गावाची गोष्ट’. दरवर्षी इथल्या व्याख्यानमालेत त्यांचं एक भाषण असे. या वेळी त्याआधीच ते गेले. कुणीतरी फळा पुसला आणि त्याच तारखेला श्रद्धांजली सभा लावली.

अध्यक्ष, म्हणजे त्यांचे जुने वकील मित्र, जुळे सोलापुरात आमच्या फ्लॅटवर सांगायला आले. “वहिनी, तुम्ही फक्त येऊन बसा. चार जण बोलतील, दोन मिनिटं उभं राहू, झालं.”

“व्याख्यान होऊ दे,” मी म्हणाले. “मी देते.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “अजून महिना नाही झाला की. लोक काय म्हणतील?”

“हेगबद्दल काही म्हणाले तर ऐकेन.”

माझी नणंद दिवसकार्यासाठी माढ्याहून आली होती आणि माझ्या सोबतीला राहिली होती. अध्यक्ष गेल्यावर ती म्हणाली, “वैनी, तुमी बोलणार? तुमचा आवाज कुकरच्या शिट्टीत ऐकू येत न्हाय.” तिचं खरं होतं. मी आयुष्यभर कचेरीत मान खाली घालून काम केलं आणि घरी पुस्तकं वाचली. पण दोन मिनिटं उभं राहून लोक घरी गेले असते, तर ज्या गोष्टीत यजमान इतकी वर्षं रमले, ती न सांगताच राहिली असती. ते मला मान्य नव्हतं.

हेग त्यांनी पाहिलं नव्हतं. शाळेत भूगोल शिकवताना ते विचारायचे, नेदरलँडची राजधानी कुठली? मुलं ॲमस्टरडॅम म्हणत. मग राजा, संसद, पंतप्रधान कुठे? मुलं पुन्हा ॲमस्टरडॅमच म्हणत, आणि उत्तर असे हेग. तेव्हा ते माढ्याचं उदाहरण द्यायचे : तालुक्याचं गाव माढा, पण रेल्वेचं जंक्शन कुर्डुवाडीला. घरीही तेच. दारावर पाटी सासूबाईंच्या नावाची, पण गॅस कधी संपणार ते मला माहीत. “आई ॲमस्टरडॅम, तू हेग,” ते म्हणत. सासूबाई आतून विचारत, “काय म्हणतोय गं हा?” आणि उत्तराची वाट न बघता रागावत.

मी रोज पहाटे त्यांची पुस्तकं घेऊन बसू लागले. एका सरदाराने तळ्याकाठी वाडा बांधला, त्याच्या कुंपणाभोवती वस्ती वाढली, तेच हेग. वस्तीच्या नावातही ते कुंपण आहे. भोवतालची शहरं तटबंदीची, मानपानाची. एकाने दुसऱ्याचं मोठेपण मानायचं नाही. म्हणून सगळे या गावात येऊन बसत, कारण इथे कुणाचाच तोरा नव्हता. सगळ्या देशाचा कारभार इथून चाले, तरी शहराचा दर्जा नव्हता. तो पुढे एका परक्या राजाने दिला. तटही नव्हता. युद्धाच्या दिवसांत, शत्रूला आसरा नको म्हणून, हे गाव पाडूनच टाका असं शेजारच्या शहराने सुचवलं होतं. गाव राहिलं. आज देशोदेशींची भांडणं न्यायासाठी तिथे जातात.

यजमान हे सांगताना नेहमी तळ्यापाशी थांबत. संसद पाण्याला लागून उभी आहे, आपल्या सोलापूरच्या तळ्याकाठी किल्ला आहे तशी, असं म्हणत आणि जेवायला बसत. मी मात्र तट नसलेल्या गावापाशी अडकले. तट नाही आणि तरी उभं आहे, हे मला त्या दिवसांत पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटे.

सभेच्या संध्याकाळी व्यासपीठावर त्यांचा हार घातलेला फोटो होता. मी तो उचलून तिसऱ्या रांगेत पंख्याखालच्या खुर्चीवर ठेवला. दुसऱ्यांच्या व्याख्यानांना ते तिथेच बसत. अध्यक्ष म्हणाले, “सर्वांनी उभं राहून...” खुर्च्या सरकू लागल्या.

“बसा,” मी म्हणाले. आवाज मलाच मोठा वाटला. “ते उशिरा सुरू केलेलं भाषण खपवून घेत नसत.”

लोक बसले. पहिली काही वाक्यं मी कागदावरून वाचली. मग माढा-कुर्डुवाडी आलं, मागे कुणीतरी हसलं, आणि कागद बाजूला राहिला. मध्ये थांबून पाणी प्याले आणि सरदाराच्या कुंपणापासून पुन्हा सुरुवात केली. तळ्यापाशी थांबले नाही. तट नसलेल्या गावापर्यंत गेले.

शेवटी अध्यक्ष आभाराला उठले. त्यांचे डोळे ओले होते. “वहिनींनी आज नेदरलँडच्या राजधानीची इतकी सुंदर ओळख...”

“राजधानी न्हाय वो,” मागून नणंद म्हणाली. “कारभार तितं चालतो नुसता. मगाधरनं काय सांगत्यात त्या?”

सभागृह हसलं. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, आणि घरी जाण्याआधी खडू घेऊन फळ्यावर त्यांचा विषय पुन्हा लिहिला.