राहिलेलं पान

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या राखीव दलाच्या कंपनीची पोस्टिंग गडचिरोलीत, भामरागडच्या अलीकडच्या एका कॅम्पवर झाली. पंधरा तंबू, एक वायरलेस सेट, चहूबाजूंना साग. पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे रायफल घेऊन मोर्चात, साडेपाचला स्टँड-डाऊन, मग चहा. चहाबरोबर माझी एक जादा ड्युटी असे: आमचे उस्ताद, हवालदार योहान, यांना पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, एक पान वाचून दाखवणं.

मी देव मानत नव्हतो. पण माझ्या पेटीत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत, आणि उस्तादांना जवळचं चष्म्यानेही दिसेनासं झालं होतं. लांबचं माझ्यापेक्षा चांगलं दिसे. तरी डॉक्टरांना कळलं असतं तर मेडिकल कॅटेगरी उतरली असती आणि त्यांना मुख्यालयात ब्लँकेटच्या स्टोअरवर बसवलं असतं. म्हणून हे आम्हा दोघांत आणि ड्रायव्हर मुनीरमध्ये होतं.

उस्ताद चंद्रपूरच्या कोळसा कॉलनीतले. त्यांचं तत्त्वज्ञान एवढंच: "मनात काय घुसंल ते आपल्या हाती नाई. सकाळी पयलं काय घालाचं, ते आहे. गोळी नाई चालवली तरी रोज नळीतून चिंधी ओढतो ना? तसंच."

मी सुचवलं, चांगली पानं निवडून वाचू.

"मेसमंधी भाजी निवडते का तू? मंग इथी काऊन?"

पानं क्रमानेच झाली.

मुनीर आरमोरीचा, कासीम टेलरांचा मुलगा. चहा तोच आणायचा आणि म्हणायचा, "मास्तर, लवकर आटपा, चाय थंडी होऊन राह्यली." पण पान संपेपर्यंत उठायचा नाही. "उस्तादचं पान ऐकलं का दुपारपर्यंत तोंडातून गाली निघत नाई," तो सांगे. दुपारनंतरची हमी त्याने कधी दिली नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी त्याला रेशन आणायला लवकर निघायचं होतं. "पान ठेवा, आल्यावर ऐकतो," म्हणाला. आम्ही थांबलो. सहा दहाला गाडी गेटबाहेर पडली. सहा पंचविसाला जमीन हलली. मग सेटवर मागच्या एस्कॉर्ट गाडीचा आवाज:

"कॅम्प, कॅम्प. गाडीखाली सुरुंग. ड्रायव्हर गेला. ओव्हर."

उस्ताद, मी आणि आठ जण पावणेसातला पोचलो. मुनीरला मी पाहिलं. त्याबद्दल लिहीत नाही.

सर्च सुरू झाला. साडेआठच्या सुमारास तळ्याच्या पाळीवर एक माणूस दिसला. पन्नाशीचा, ओलं धोतर, खांद्यावर तारेचं भेंडोळं. आम्हाला पाहताच पळाला आणि चिखलात पडला. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. एसएलआर रायफल त्याच्या छातीवर, सेफ्टी कॅच उघडा.

"तार कशाला?"

"मासोळीच्या सापळ्याले, साहेब."

"पळालास का?"

"तुमी धावले म्हणून."

उत्तर बिनतोड होतं. मला ते नको होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "उडव त्याला." माझं ठरलं होतं. हे मी आजवर कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.

"रायफल खाली," उस्ताद म्हणाले. मी ऐकलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तेही मी ऐकलं नाही.

मग ते माझ्या शेजारी आले आणि खिशातलं शास्त्र माझ्यापुढे धरलं. "मास्तर, आजचं पान राह्यलं."

"आत्ता?"

"आत्ताच. मले वाचता येत नाई. डोळे गेले माहे."

हे त्यांनी आठ जणांसमोर सांगितलं. दोन वर्षं जपलेली गोष्ट. पुस्तक जाड होतं, त्याला दोन हात लागत. मी सेफ्टी लावली, रायफल खांद्याला अडकवली आणि खुणेचं पान उघडलं.

मला वाटलं, क्षमेबिमेबद्दल काही असेल. पान निघालं नावांचं. अमक्याचा मुलगा अमका, त्याचा मुलगा तमका, असं अख्खं पानभर. चौथ्या नावाला मी मान वर करून त्या माणसाकडे पाहिलं. उस्ताद म्हणाले, "वाच." मी वाचत गेलो. प्रत्येक नावामागे एक बाप होता. चिखलातला माणूस हात जोडून ऐकत होता. बहुधा त्याला ते आरोपपत्र वाटलं असावं.

पान संपलं. उस्तादांनी त्याला विचारलं, "नाव?"

"बुधाजी."

"बापाचं?"

"लक्ष्मण. ढीवर आहो, साहेब."

"सापळे दाखव."

पाण्यात बांबूचे तीन सापळे होते. तोंडं त्याच तारेने बांधलेली. एकात मासे तडफडत होते. बुधाजीने ते काढून आमच्यापुढे ठेवले. उस्तादांनी परत घ्यायला लावले.

परत फिरताना ते मला म्हणाले, "पुढचं नाव?"

"नावं संपली, उस्ताद."

"नाई संपली. मुनीर घे. कासीमचा."

मी मोठ्याने म्हटलं.

श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि चाळीस मिनिटं बोलले. मुनीरचं नाव एकदा आलं. पुढच्या महिन्यात उस्ताद ब्लँकेटच्या स्टोअरवर गेले. मी माफी मागितली तर म्हणाले, "ब्लँकेटं बेस आहेत. उलट उत्तर देत नाई."

आता तेही नाहीत. त्यांच्या बायकोने शास्त्र माझ्याकडे पाठवलं. देव मी अजून मानत नाही, पण सकाळी पहिलं एक पान वाचतो, क्रमाने. मनात घाण यायची थांबलेली नाही. तिला आधी जागा मिळत नाही, इतकंच. नावांचं ते पान तीन-साडेतीन वर्षांनी फिरून येतं. ते मी मोठ्याने वाचतो. शेवटी उस्तादांचं नाव घेतो, आणि मग: कासीमचा मुलगा मुनीर, आरमोरी.

चहा तोवर थंड झालेला असतो.